बेदाण्याच्या पत्रातला ‘प्लेथोरा’

प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे उत्तर हवेत राहणार नाही. तासगावजवळच्या एका तरुणाने विचारलंय. घरचा बेदाण्याचा व्यवसाय, परदेशी खरेदीदारांशी पत्रव्यवहार हा मुलगाच बघतो. गेलं वर्षभर मोबाईलवरच्या ॲपवरून रोज दहा नवे इंग्रजी शब्द पाठ करतो आणि पाठ झाले की पत्रात घालतो. चुलतभाऊ म्हणतो, इंग्रजी एकदम भारी झालं. पण उत्तरं पूर्वीपेक्षा कमी यायला लागलीत, आणि एकाने तर ‘प्लीज क्लॅरिफाय’ एवढंच लिहून पत्र परत पाठवलं. नमुन्याचं वाक्य त्याने दिलंय ते असं: ‘वी आर ॲन ऑगस्ट पर्व्हेयर ऑफ अ प्लेथोरा ऑफ रेझिन्स अँड विल एन्डेव्हर टू ॲमेलिओरेट युअर एव्हरी प्रेडिकमेंट.’ त्याचं विचारणं दोन गोष्टींचं आहे. असे शब्द वापरूच नयेत का? आणि वापरायचे नसतील तर सोपा शब्द शोधायचा कसा?

उत्तरं कमी यायला हे शब्दच कारणीभूत आहेत असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. भाव, हंगाम, समोरच्याच्या गोदामातला जुना साठा, दहा गोष्टी असतात. पण ‘प्लीज क्लॅरिफाय’ आलं म्हणजे निदान एका माणसाला तुमचं पत्र कळलं नाही, हे नक्की. मी सांगलीत गणपती पेठेतल्या एका माडीवर बसून तेवीस वर्षं लोकांची इंग्रजी पत्रं, अर्ज आणि माहितीपत्रकं तपासून देते. हळदवाले, बेदाणेवाले, मिरजेतल्या नर्सिंगच्या मुली, परदेशी विद्यापीठांत अर्ज करणारी इंजिनिअरिंगची पोरं, सगळे येतात. तुमच्यासारखं वाक्य महिन्यातून एकदा तरी टेबलावर येतंच.

तर तुमचं वाक्य उकलून बघू. ‘ऑगस्ट’ हे विशेषण म्हणजे भारदस्त, वंदनीय. ते एखाद्या संसदेला किंवा जुन्या संस्थेला दुसरे लोक लावतात. स्वतःला लावायचं नसतं. पत्राखाली ‘आपला परमपूज्य अमुक’ अशी सही कोणी करतं का? ‘पर्व्हेयर’ म्हणजे पुरवठादार, आणि तो खाण्याच्या वस्तूंनाच जास्त शोभतो, तेव्हा अर्थाने चूक नाही. पण त्याला जुन्या दुकानाच्या पाटीचा वास आहे.

‘प्लेथोरा’ मात्र अंगाशी येणारा शब्द आहे. मूळ ग्रीक. जुन्या वैद्यकात शरीरात रक्त फाजील झालं की त्या विकाराला प्लेथोरा म्हणत. आजही त्यात ‘पुष्कळ’पेक्षा ‘नको इतकं’ हीच छटा पुढे येते. म्हणजे कोल्ड स्टोरेजमध्ये न खपलेला माल पडून आहे हे तुम्हीच खरेदीदाराला कळवताय. भाव पाडून मागितला तर त्याला दोष देऊ नका. ‘ॲमेलिओरेट’ म्हणजे वाईट परिस्थिती थोडी सुसह्य करणं. अडचण सोडवू असं त्यात नाही, जरा हलकी करू इतकंच आहे. आणि ‘प्रेडिकमेंट’ म्हणजे सहज सुटका नसलेला पेच. आमच्याशी व्यवहार केलात तर तुम्ही पेचात सापडणार आणि आम्ही तुमचं दुःख थोडं कमी करायचा प्रयत्न करू, असं पहिल्याच पत्रात लिहून दिलंय तुम्ही!

म्हणून म्हणते, हे शब्द अवघड आहेत हा मुद्दा दुय्यम. ते तुम्हाला म्हणायचं होतं ते म्हणतच नाहीत. ॲपवर शब्दाचा अर्थ मिळतो, पण तो शब्द कोणाच्या पंगतीत बसतो हे तिथे कळत नाही. मराठीत हे आपल्याला सांगावं लागत नाही. गाय व्याली आणि बाई बाळंत झाली, कोशात दोन्ही एकच. पण कोशावरून मराठी शिकलेल्या एखाद्या परदेशी माणसाने ‘आपल्या वहिनी व्याल्याचे कळले, अभिनंदन’ असं पत्र धाडलं तर? इंग्रजीत आपण अधूनमधून तेच करत असतो. समोरचा सभ्य असतो, म्हणून हसल्याचं आपल्यापर्यंत पोचत नाही.

माझ्याकडूनही झालंय. कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील. एका निवृत्त होणाऱ्या डॉक्टरांसाठी इंग्रजी मानपत्र लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘वुई ऑफर अवर फुलसम प्रेझ.’ फुल म्हणजे भरलेलं, तेव्हा फुलसम म्हणजे भरभरून, असा सरळ हिशोब. फ्रेम झाली, समारंभात वाचूनही झालं. नंतर चहाच्या वेळी एका वयस्कर प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ‘अगं, फुलसम प्रेझ म्हणजे तोंडदेखली, किळस येईल इतकी स्तुती.’ घरी येऊन कोश उघडला. ते बरोबर होते, आणि गंमत म्हणजे मीही अगदीच चूक नव्हते. ‘भरपूर’ हा त्या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ, मधल्या काळात तो बिघडला, आणि आता बरेच लोक पुन्हा चांगल्या अर्थाने वापरतात. पण म्हणूनच तो टाळायचा. ज्या शब्दाने निम्म्या वाचकांना स्तुती ऐकू येते आणि निम्म्यांना टोमणा, तो शब्द मानपत्रात कशाला? ती फ्रेम अजूनही त्यांच्या बैठकीत लटकत असणार. मी त्या घरी पुन्हा गेले नाही.

आवाजावरून अर्थ ताडण्याचा हा रोग फार पसरलेला आहे. एका मुलीने नोकरीच्या अर्जात आपल्या शैक्षणिक कारकिर्दीला ‘मेरिट्रिशस’ म्हटलं होतं. तिला ‘मेरिटोरियस’ म्हणायचं होतं, गुणवंत. मेरिट्रिशसचा मेरिटच्या यादीशी काही संबंध नाही. तो ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ वेश्या, आणि आज तो वरवर झगमगीत पण आतून पोकळ अशा गोष्टीला लावतात. मी तिला फक्त ‘गुड मार्क्स’ लिहायला सांगितलं आणि टक्के आकड्यात टाकायला लावले. ‘नॉइझम’चंही असंच. त्यात आवाज नाही, दुर्गंधी आहे. ‘रेस्टिव्ह’मध्ये विश्रांती नाही, उलट बेचैनी आहे.

इंग्रजीत एकाच गोष्टीला इतके शब्द का, हे जरा समजून घेतलं तर निवड सोपी होते. 1066 मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडून आलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार आणि न्यायालयात फ्रेंच, चर्च आणि विद्येत लॅटिन, आणि शेतावर-चुलीपाशी जुनी इंग्रजी, असा थाट होता. त्यामुळे शब्दांचे मजले तयार झाले. ‘आस्क’ हा तळमजला, ‘क्वेश्चन’ त्यावरचा, ‘इंटरॉगेट’ आणखी वरचा, आणि आता तिथे पोलीस बसलेले असतात. आपल्याकडे विचारणं, चौकशी करणं, पृच्छा करणं आहे, तसंच. आजी ‘काय रे, जेवलास का?’ असं विचारते, पृच्छा करत नाही. घर, गृह, निवास, सदन यांचंही तेच. बंगल्याच्या पाटीवर सदन असतं, पण संध्याकाळी माणूस घरीच जातो. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये लॅटिन-ग्रीक शब्दांचा इतका सुळसुळाट झाला की तिथल्याच लोकांनी त्यांना दौतीतले शब्द म्हणून हिणवलं. म्हणजे तुमची अडचण काही तासगावात जन्मलेली नाही.

आणि भारी शब्दांनी छाप पडते या समजुतीचीही परीक्षा झालेली आहे. डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाचा 2006 सालचा शोधनिबंध आहे. तोच मजकूर विनाकारण लांबलचक शब्दांत लिहिला की वाचणाऱ्यांना लिहिणारा कमी हुशार वाटतो, असा त्याचा निष्कर्ष. त्याला त्याच वर्षी साहित्याचं इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. निबंधाचं शीर्षक त्याने मुद्दाम न कळणाऱ्या शब्दांत ठेवलं होतं.

आता एक उलटी गोष्ट, जी शिकवणीत सहसा सांगत नाहीत. ‘छोटा शब्द म्हणजे सोपा शब्द’ हा नियम तुमच्या कामाला पूर्ण लागू पडत नाही. तो इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेला आहे. तुमचा खरेदीदार दुबईतला किंवा युरोपातला असेल, तर तोही इंग्रजी शिकूनच आलाय. त्याला ‘पुट ऑफ’पेक्षा ‘पोस्टपोन’ लवकर कळतं. ‘पुट अप विथ’ तीन चिमुकल्या शब्दांचं आहे, पण स्पॅनिश माणसाला ‘टॉलरेट’ जास्त ओळखीचं, कारण त्याच्या भाषेतही तोच लॅटिन शब्द आहे. इंग्रज ज्याला घरगुती म्हणतात ते गेट ओव्हर, लुक इन्टू, सेट अप परक्यांना चकवतात. म्हणून मी निर्यातीच्या पत्रात लॅटिन घराण्यातले, पण रोजच्या वापरातले शब्द ठेवते: कन्फर्म, रिप्लेस, डिले, इन्स्पेक्ट. आणि इंग्लंडात राहणाऱ्या मुलाला आईचं पत्र लिहून द्यायचं असेल तर उलट करते.

दुसरी फसगत आपल्या ओळखीच्या शब्दांची. सेतू कार्यालयात हेलपाटे घातलेल्या प्रत्येकाला डोमिसाईल, ॲफिडेव्हिट, बोनाफाईड हे शब्द पाणी पिण्याइतके सोपे वाटतात. बोनाफाईड तर आपण नाम करून टाकलाय, ‘बोनाफाईड काढला का?’ जर्मनीतल्या विद्यापीठाला ‘आय हॅव अटॅच्ड माय बोनाफाईड’ असं लिहिलं तर त्यांना काय जोडलंय ते समजणार नाही. तिथे ‘मी या कॉलेजचा विद्यार्थी असल्याचं कॉलेजचं पत्र’ असं चार शब्द जास्त खर्च करून लिहायचं. ‘प्रीपोन’ आपल्याकडे सर्रास, बाहेर कपाळाला आठी. ‘काइंडली रिव्हर्ट’ म्हणजे कृपया उत्तर द्या असं आपण समजतो, बऱ्याच परदेशी लोकांना ते ‘पूर्वस्थितीला जा’ असं ऐकू येतं. लाख आणि कोटीही आपलेच. ‘फाइव्ह लाख’ न लिहिता पाचावर पाच शून्यं द्या. तेव्हा शब्द दुर्मिळ आहे की नाही हे कोश ठरवत नाही. पत्र उघडणारा माणूस कुठे बसलाय यावर ते ठरतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, शब्द निवडताना त्याचा अर्थ, त्याची पंगत आणि वाचणारा, तिन्ही बघायचे. तुमच्या वाक्यात फक्त पहिल्याकडे लक्ष गेलं, आणि तेही अर्धवट.

सोपा शब्द शोधायचा कसा? बहुतेक जण समानार्थी शब्दांचा कोश उघडतात आणि तिथेच घोळ होतो. पीटर रोजे यांचा 1852 चा प्रसिद्ध कोश कल्पनांच्या गटांनुसार मांडलेला आहे. जो शब्द आपल्याला माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही, तो आठवायला असा कोश उत्तम. अनोळखी शब्द उचलायला तो वापरला की मेरिट्रिशस होतं. मी त्याऐवजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश उघडते. 1978 मध्ये लाँगमनचा असा कोश निघाला, त्यात सगळ्या व्याख्या साधारण 2000 नेहमीच्या शब्दांतच लिहायचं बंधन पाळलं होतं. युक्ती अशी की अवघड शब्दाची व्याख्या वाचायची आणि ती व्याख्याच वाक्यात घालून बघायची. ॲमेलिओरेटच्या समोर ‘मेक बेटर’ आहे. म्हणजे तुम्हाला हवा असलेला सोपा शब्द त्याच ओळीत, कोशकाराने फुकट दिलेला असतो.

पण त्याच्याही आधीची पायरी जास्त महत्त्वाची. मी गिऱ्हाइकाला कागद उलटा ठेवायला लावते आणि म्हणते, ‘काय कळवायचंय ते मला मराठीत सांगा, बाजारात सांगाल तसं.’ हरिपूरच्या एका हळद व्यापाऱ्यांचं उदाहरण देते. त्यांच्या मुलाने माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘अवर हळद इज प्रिझर्व्ड इन सबटेरेनियन रिपॉझिटरीज.’ वाचून मला तळघर, विजेचे दिवे, फोर्कलिफ्ट दिसायला लागले. वडिलांना विचारलं तर म्हणाले, ‘अहो, पेवं आमची! जमिनीत खोल खड्डा, तोंड निमुळतं, पोट मोठं. आत हळद भरायची, तोंड मातीनं बंद. वर्षानुवर्षं किडा लागत नाही. 2005 च्या महापुरात कितीतरी गेली.’ हे मराठी ऐकल्यावर इंग्रजी आपोआप आलं. जमिनीत खणलेले खोल खड्डे, अरुंद तोंड, मातीने बंद, कीड लागत नाही. सगळे शाळेतले शब्द. आणि ‘पेव’ हा शब्द आम्ही मुद्दाम तसाच ठेवला, पुढे अर्थ सांगून. खरेदीदाराला तोच पहिल्यांदा भेटणारा शब्द होता आणि तोच लक्षात राहण्यासारखा होता. मुलगा थोडा हिरमुसला. वडिलांनी मात्र ते पान दोनदा वाचून घेतलं.

यावरून ध्यानात आलं असेल की दुर्मिळ शब्दांशी माझं वैर नाही. जिथे तो काढला तर वाक्यभर समजवावं लागतं, किंवा जिथे तो कागदाचं अधिकृत नाव आहे, तिथे तो राहिलाच पाहिजे. ‘फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट’ उच्चारताना जीभ अडखळते, पण निर्यातीच्या मालात रोगकीड नसल्याच्या दाखल्याचं तेच नाव आहे. तिथे ‘प्लँट हेल्थ पेपर’ असा शहाणपणा केलात तर माल बंदरात अडकून पडेल. करारातला ‘लिएन’ (देणं फिटेपर्यंत मालमत्तेवर राहणारा हक्क), वैद्यकीय अहवालातला ‘बिनाइन’ (कर्करोगाची नसलेली गाठ) यांनाही हात लावायचा नाही.

आणि नुसत्या मौजेसाठी शब्द जमवण्यातही काही वावगं नाही. 2017 मध्ये शशी थरूर यांनी ट्विटमध्ये ‘फरागो’ लिहिलं आणि देशभर लोक कोश उघडून बसले. मीही बसले. तर फरागो म्हणजे लॅटिनमध्ये जनावरांचा मिश्र चारा! चार धान्यं एकत्र करून गुरांपुढे टाकतात ते. त्यावरून कशाचीही सरमिसळ. आमच्याकडे दारोदार म्हशी, आणि आम्हाला हा शब्द विमानतळावरून आल्यासारखा वाटला. थरूरांचा वाचक त्यांच्याकडून असा शब्द अपेक्षितच करतो, त्याला तो हवा असतो. तुमच्या खरेदीदाराला चाऱ्याची गरज नाही. ॲप बंद करा असंही मी म्हणणार नाही. परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची जीआरई किंवा तशी परीक्षा द्यायची असेल तर ते शब्द ओळखता यायलाच हवेत. पण वाचायचा साठा आणि लिहायचा साठा वेगळा ठेवा. माझा स्वतःपुरता दंडक आहे: एखादा शब्द तीन वेगवेगळ्या चांगल्या लेखांत वाचनात आल्याशिवाय तो माझ्या लिहिण्यात येत नाही.

एक धोका सोप्या शब्दांतही आहे, तो सांगून टाकते. ‘प्रीमियम क्वालिटी’, ‘बेस्ट सर्व्हिस’ हे सगळ्यांना कळतात आणि काहीच सांगत नाहीत. तुमच्या वाक्यातले सहा भारी शब्द काढून त्या जागी हे बसवलेत तर पत्र सुधारणार नाही. खरेदीदाराला रंग, आकार, ओलाव्याचं प्रमाण, गंधकाची धुरी दिली आहे की नाही, खोक्याचं वजन आणि तारीख हवी असते. मोठेपणाच सांगायचा असेल तर सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते लिहा. मात्र मानांकनाचं चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती केली असेल तरच छापा.

मी असते तर तुमचं वाक्य असं लिहिलं असतं, आकडे मात्र माझ्या मनचे आहेत, तुमचे तुम्ही घाला: ‘वी ग्रो अँड ड्राय ग्रीन अँड गोल्डन रेझिन्स निअर तासगाव, इंडिया. मॉइश्चर इज बिलो 15 पर्सेंट. वी कॅन शिप टू कंटेनर्स बाय 20 मे, विथ द फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट. इफ एनी कार्टन इज नॉट लाइक द सँपल, वी विल रिप्लेस इट.’ शेवटची ओळ लिहिण्याआधी वडिलांना विचारा. माल खरंच बदलून देणार असाल तरच ती ठेवायची. ‘एन्डेव्हर टू ॲमेलिओरेट’मागे दडता येत होतं, इथे दडता येणार नाही.

आणि ‘ऑगस्ट’ अगदीच सोडवत नसेल तर महिन्याच्या नावाला वापरा, दुसरा कंटेनर तेव्हा निघणार असेल तर.